वर्गाच्या भिंतीवर आपला तक्ता

वर्गात टांगलेले तक्ते आपण रोज पाहतो. पण ते खरोखर वाचतो का? तक्ते विकत आणावेत की विद्यार्थ्यांनी स्वतः तयार करावेत? नवी मुंबईतील दिवाळे गावाच्या खाडीकाठी विद्यार्थ्यांसोबत केलेल्या कामाचा अनुभव सांगून लेखिकेने या प्रश्नाविषयीचे आपले मत प्रस्तुत पाठात मांडले आहे.

काही वर्षांपूर्वी उन्हाळ्याच्या सुट्टीत आमच्या शाळेला रंग देण्यात आला. रंगाऱ्यांनी भिंतींवरचे सगळे तक्ते उतरवून जिन्याखालच्या खोलीत ठेवले. जूनमध्ये शाळा सुरू झाली तेव्हा वर्गाच्या भिंती कोऱ्या होत्या. आमच्याकडे इयत्ता बदलली तरी मुलांची खोली बदलत नाही. म्हणून मराठीच्या पहिल्या तासाला मी नववीच्या मुलांना सहज विचारले, "मागच्या वर्षी या भिंतीवर कोणकोणते तक्ते होते?"

मुले विचारात पडली. एक मुलगी म्हणाली, "टीचर, एक नकाशा होता." तो कशाचा होता, हे तिला आठवेना. एक मुलगा म्हणाला, "मासे होते." किती मासे होते, कोणते होते, त्यांची नावे काय होती, हे मात्र कोणालाच सांगता आले नाही. तो तक्ता त्या भिंतीवर चार वर्षे होता. खरे सांगायचे तर मलाही त्यातले दोन-तीनच प्राणी आठवले.

त्या दिवसापासून माझ्या मनात एक विचार घर करून बसला. जो तक्ता चार वर्षे डोळ्यांसमोर राहूनही कोणाच्या लक्षात राहत नाही, तो भिंतीवर असला काय आणि नसला काय! मुलांनो, माझे मत मी आधीच सांगून टाकते. वर्गाच्या भिंतीवरचे निदान काही तक्ते विद्यार्थ्यांनी स्वतः तयार करावेत, ते आपल्या परिसराविषयी असावेत आणि त्यांतील प्रत्येक शब्द आपण तपासून घेतलेला असावा. हे मत मला कोणत्या अनुभवातून आले, ते आता सांगते.

आधी 'तक्ता' या शब्दाकडे पाहा. हा शब्द तुम्हांला परका नाही. फारसीतील 'तख्ता' म्हणजे फळी. आपण उर्दूत फळ्याला 'तख्ता-ए-सियाह' म्हणतो आणि लहानपणी ज्या लाकडी फळीवर अक्षरे गिरवतात तिला 'तख्ती' म्हणतो. तोच शब्द मराठीत येऊन 'तक्ता' झाला. 'कागद', 'शाई', 'नकाशा', 'मजकूर' हे मराठी शब्दही अशाच वाटेने आले आहेत. म्हणजे तक्ता तयार करायला जे जे लागते, त्यातल्या बऱ्याच वस्तूंची मराठी नावे तुम्हांला आधीपासूनच ठाऊक आहेत. मराठी अवघड वाटते असे म्हणणाऱ्या मुलांना मी हे नेहमी सांगते.

दुसऱ्या दिवशी आम्ही जिन्याखालून तो माशांचा तक्ता काढला. धूळ पुसून टेबलावर पसरला. त्यावर डॉल्फिन होता, देवमासा होता, ऑक्टोपस होता, तारामासा होता आणि काचेच्या भांड्यात पाळतात तो सोनेरी मासाही होता. चित्रे रंगीत आणि गुळगुळीत होती. पण देवमासा आणि सोनेरी मासा एकाच आकाराचे काढले होते. वर मोठ्या अक्षरांत 'मासे' असे शीर्षक होते. विज्ञानात तुम्ही शिकला आहात की डॉल्फिन आणि देवमासा हे सस्तन प्राणी आहेत. ते पिल्लांना दूध पाजतात. ऑक्टोपस आणि तारामासा यांना तर कणाच नसतो. म्हणजे 'मासे' या नावाखालच्या पाच चित्रांपैकी खरा मासा एकच होता. चार वर्षांत हे आमच्यापैकी कोणाच्याच ध्यानात आले नव्हते, कारण आम्ही कोणी तो तक्ता वाचलाच नव्हता.

तेवढ्यात मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, "टीचर, यात निवटी नाही."

हा मुलगा मराठीच्या तासाला फारसा बोलत नसे. त्याचे वडील टेम्पोतून मासळीसाठी बर्फ पोहोचवत आणि सुट्टीच्या दिवशी तो त्यांच्यासोबत जाई. धक्क्यावर ऐकलेली मराठी तो बोलत असे आणि वर्गातली मुले त्याला 'बाजारवाली मराठी' म्हणून हसत. त्या दिवशीही दोघे-तिघे हसले. मी विचारले, "निवटी म्हणजे काय, कोणाला माहीत आहे?" हसणाऱ्यांपैकी एकालाही माहीत नव्हते. मग तोच उभा राहिला आणि मोडक्यातोडक्या मराठीत त्याने सांगितले की निवटी हा खाडीच्या चिखलात राहणारा छोटा मासा आहे. त्याचे डोळे डोक्यावर असतात आणि तो चिखलावर चालतो. मासा चालतो, यावर वर्गाचा विश्वास बसेना. "चालतो म्हणजे चालतो! दिवाळ्याला चला, दाखवतो," तो म्हणाला.

अशा रीतीने आमच्या पहिल्या तक्त्याचा विषय ठरला.

दिवाळे हे बेलापूरजवळचे कोळ्यांचे जुने गाव आहे. १९७० साली सिडको ही संस्था स्थापन झाली आणि ठाणे खाडीच्या पूर्वेला नवी मुंबई हे शहर वसवण्याचे काम सुरू झाले. १ जानेवारी १९९२ रोजी नवी मुंबई महानगरपालिका अस्तित्वात आली. या सगळ्याच्या कितीतरी आधीपासून दिवाळ्याचे कोळी खाडीत होड्या नेत आले आहेत. आज गावाच्या एका बाजूला उंच इमारती, कार्यालये आणि रुंद रस्ते आहेत, तर दुसऱ्या बाजूला होड्या, जाळी आणि खाडी. आमच्या वर्गातील बहुतेक मुले रोज बसने किंवा लोकलने बेलापूरवरून ये-जा करत होती. पण खाडीच्या काठावर उतरून कोणी पाहिले नव्हते.

मुख्याध्यापकांची आणि पालकांची परवानगी घेऊन आम्ही एका शनिवारी सकाळी दिवाळ्याला गेलो. विज्ञानाचे सरही सोबत आले. ओहोटीची वेळ आधी विचारून ठेवली होती. पाणी मागे सरले होते आणि चिखल उघडा पडला होता. पाच मिनिटे कोणालाच काही दिसले नाही. मग एका मुलीने बोट दाखवले. बोटभर लांबीचा, चिखलाच्याच रंगाचा एक मासा पुढचे दोन पर टेकत टेकत चिखलावरून सरकत होता. त्याने टुणकन उडी मारली आणि तो एका बिळात शिरला. विज्ञानाच्या सरांनी सांगितले की हा मासा ओल्या त्वचेतूनही श्वास घेऊ शकतो, म्हणून तो पाण्याबाहेर बराच वेळ राहतो. ज्यांनी वर्गात हसे केले होते, ती मुले आता त्या मुलाच्या मागे मागे फिरून "हे काय? ते काय?" असे विचारू लागली.

काठावर तिवराची झाडे होती. त्यांची बोटासारखी मुळे चिखलातून वर आलेली होती. भरतीच्या पाण्याखाली चिखलात हवा नसते, म्हणून ही मुळे वर येऊन श्वास घेतात. सरांनी तिवराचे एक पान तोडून धुतले नाही, पुसले नाही, तसेच आम्हांला जिभेला लावायला सांगितले. ते खारट लागले. तिवर मुळांतून शिरलेले मीठ पानांवाटे बाहेर टाकतो. पुस्तकात हा धडा मुलांनी वाचला असता, तर परीक्षेनंतर विसरून गेली असती. जिभेवरची चव मात्र कोणी विसरले नाही.

पुढे मासळी बाजारात आम्हांला एक वयस्कर कोळीण मावशी भेटल्या. त्यांनी आम्हांला पाटीतली मासळी एकेक करून दाखवली. ही बोय, ही वाम, ही कोळंबी, ही चिंबोरी आणि हा जिताडा. 'पाटी' हा शब्द ऐकून मुले चमकली. त्यांना पाटी म्हणजे लिहायची पाटी एवढेच ठाऊक होते. मासळीची टोपलीही पाटीच, हे त्या दिवशी कळले. जिताड्याविषयी सरांनी एक नवल सांगितले. हा मासा लहानपणी नर असतो आणि पुढे मोठा झाल्यावर मादी होतो. मावशी म्हणाल्या, "आमाला मोठा जितारा गाभोळीचा मिलतो, ते ठावं हाय. तो आदी नर असतो, ते आज तुमच्याकरना कलला." गाभोळी म्हणजे माशाची अंडी. अशी दोन्ही बाजूंनी माहितीची देवाणघेवाण झाली.

सोमवारी तक्ता तयार करायला सुरुवात झाली. आता खरी परीक्षा होती. बघायला सगळ्यांना आवडते. पण बघितलेले कागदावर नेमके उतरवणे हे निराळे काम आहे.

पहिला प्रश्न नावांचा आला. तक्ता मराठीत आणि उर्दूत, दोन्ही लिप्यांत करायचा असे ठरले होते. कोळंबीला उर्दूत झींगा म्हणतात, चिंबोरीला केकडा म्हणतात. पण निवटीला काय म्हणायचे? कोणाला शब्द सापडेना. घरी आई-वडिलांना विचारले, त्यांनाही माहीत नव्हते. शेवटी वर्गाने ठरवले की निवटी हाच शब्द उर्दू अक्षरांत लिहायचा. मला हा निर्णय फार आवडला. भाषा अशाच वाढतात. एका भाषेत शब्द नसेल तर शेजारच्या भाषेकडून घ्यावा, त्यात कमीपणा काही नाही. मघाशी आपण पाहिले की मराठीनेही तेच केले आहे.

दुसरा प्रश्न 'ळ' या अक्षराचा होता. उर्दू लिपीत 'ळ' नाही, म्हणून आपल्या जिभेलाही तो पटकन येत नाही. शीर्षक लिहिणाऱ्या मुलाने बोटभर जाड अक्षरांत लिहिले, 'दिवाल्याची खाडी'. रंग भरून झाल्यावर चूक लक्षात आली. तो रडवेला झाला. काही मुले म्हणाली, कागद फाडून टाका. मी फाडू दिला नाही. आम्ही 'ळ' हे अक्षर वेगळ्या कागदावर काढून, कापून, खळीने त्या जागी चिकटवले. तो चिकटवलेला 'ळ' शेवटपर्यंत थोडा वर उचललेला दिसत असे. पण त्या वर्गातील कोणीही नंतर 'काळ' आणि 'काल' या शब्दांत गोंधळ केला नाही. छापील तक्त्यात चूक असेल तर ती आपण दुरुस्त करत नाही. स्वतः केलेल्या तक्त्यातील चूक मात्र दुरुस्त करताना आपण शिकतो.

तिसरी चूक सर्वांत मोठी होती आणि ती माझ्याही लक्षात आली नाही. मासळी जाळ्यातून बाजारात कशी येते, हे दाखवणारी चार चित्रे मुलांनी एका ओळीत काढली होती. पहिल्या चित्रात होडीतून पाण्यात जाळे टाकत आहेत. दुसऱ्या चित्रात मासळी होडीत ओढली आहे. तिसऱ्यात ती धक्क्यावर उतरली आहे आणि चौथ्यात मावशींच्या पाटीत आहे. तक्ता तपासून घ्यावा म्हणून पुढच्या शनिवारी आम्ही तो घेऊन पुन्हा दिवाळ्याला गेलो. मावशींनी तक्ता नीट पाहिला आणि त्या मोठ्याने हसू लागल्या.

"काय रं पोरांनो, तुमचं म्हावरं पाटीतून परत पान्यान चाललं का?"

आम्ही सगळे गोंधळून गेलो. मग उलगडा झाला. आपण उर्दू उजवीकडून डावीकडे वाचतो. मुलांनी पहिले चित्र उजव्या टोकाला काढले होते आणि शेवटचे डाव्या टोकाला. मराठी डावीकडून उजवीकडे वाचतात. मावशींनी डावीकडून सुरुवात केली, तेव्हा मासळी पाटीतून निघाली, धक्क्यावर आली, होडीत चढली आणि शेवटी पाण्यात गेली! मुलेही हसू लागली. एक मुलगी म्हणाली, "टीचर, आपण बरोबर काढले आणि मावशींनीही बरोबर वाचले. मग चूक कोणाची?"

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यात आमचा एक पूर्ण तास गेला आणि तो तास वाया गेला असे मला वाटत नाही. मुलांनी उपाय शोधला. प्रत्येक चित्राच्या कोपऱ्यात मराठी आणि उर्दू आकडे घातले आणि चित्रांच्या मधे बाण काढले. आता कोणीही कोणत्याही बाजूने पाहिले तरी अर्थ एकच लागत होता. आपण लिहितो ते दुसरा कोणीतरी वाचणार आहे आणि त्याची वाचण्याची रीत आपल्यापेक्षा वेगळी असू शकते, हा धडा मी वर्षभर व्याकरण शिकवूनही इतका नीट शिकवू शकले नसते.

मुलांना मी नंतर सांगितले की त्यांचा उपाय फार जुना आहे. युरोपात कोमेनियस नावाचे एक थोर शिक्षक होऊन गेले. १६५८ साली त्यांचे मुलांसाठीचे एक सचित्र पुस्तक जर्मनीतील न्यूरेंबर्ग शहरात प्रसिद्ध झाले. त्यात दीडशे चित्रे होती आणि शेजारी दोन भाषांत, लॅटिन आणि जर्मन, मजकूर होता. चित्रातील प्रत्येक वस्तूला आकडा दिलेला होता आणि तोच आकडा दोन्ही भाषांतील शब्दांजवळ होता. साडेतीनशेहून अधिक वर्षांपूर्वीच्या त्या शिक्षकाला जी युक्ती सुचली, तीच आमच्या मुलांना दिवाळ्याच्या बाजारात सुचली.

आपल्या महाराष्ट्रातही अशी मोठी उदाहरणे आहेत. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ सालापासून बोर्डी येथे आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर बालशिक्षणाचे काम केले. हा भाग आज पालघर जिल्ह्यात आहे. तेथील मुले बहुतेक वारली समाजाची, गरीब घरची. माँटेसरी पद्धतीची महाग साधने विकत घेणे तेथे शक्य नव्हते. तेव्हा या दोघींनी शंख, शिंपले, बिया, पाने, खडे अशा परिसरात मिळणाऱ्या वस्तूंतून शिकवण्याची साधने तयार केली. मुले शाळेत येत नाहीत असे दिसल्यावर शाळाच त्यांच्या अंगणात आणि गुरे चरतात त्या कुरणात नेली. पुढे ताराबाईंना १९६२ साली पद्मभूषण आणि अनुताईंना १९८५ साली पद्मश्री हा सन्मान मिळाला. गरिबीमुळे त्यांनी परिसरातील वस्तू वापरल्या हे खरे. पण मूल ओळखीच्या वस्तूवरून अनोळखी गोष्टीकडे सहज जाते, हेही त्यांनी ओळखले होते.

आता माझ्या मताविरुद्ध जे म्हटले जाते, त्याचाही विचार करायला हवा.

काही जण म्हणतात, "विकतचे तक्ते काय वाईट आहेत?" ते सगळेच वाईट नाहीत. १९८७ साली केंद्र सरकारने 'खडू-फळा' मोहीम सुरू केली, तेव्हा प्राथमिक शाळांना नकाशे, तक्ते आणि खेळणी देण्याची तरतूद केली होती. ज्या शाळेत फळाही धड नव्हता, तिथे नकाशा येणे ही मोठी गोष्ट होती. भारताचा नकाशा, मूलद्रव्यांची सारणी, माणसाचा सांगाडा यांचे तक्ते आजही छापीलच असावेत. तिथे अचूकपणा महत्त्वाचा आहे आणि हाताने काढताना सीमा किंवा आकडा चुकू शकतो. पण आपल्या खाडीतील निवटी, आपल्या वाटेवरची बसस्थानके, आपल्या गल्लीतील भाषा यांचा तक्ता कोणताही कारखाना छापणार नाही. तो आपणच करायला हवा.

काही शिक्षक म्हणतात, "यात वेळ जातो. अभ्यासक्रम कधी पुरा करायचा?" माझे उत्तर असे की आमच्या तक्त्यात मराठीचे शब्द आणि शुद्धलेखन होते, विज्ञानातील प्राणी आणि वनस्पती होत्या, भूगोलातील भरती-ओहोटी होती. हे सगळे अभ्यासक्रमातच आहे. तीन विषयांचे शिक्षक एकत्र बसले तर वेळ वाचतोच.

काही मुले म्हणतात, "टीचर, संगणकावर दहा मिनिटांत पोस्टर होते आणि दुकानात छापूनही मिळते." त्यात गैर काही नाही. आम्हीही तो प्रयोग करून पाहिला. एका दुकानात आमचा तक्ता छापायला दिला. छापून आला तेव्हा मराठी अक्षरे ठीक होती, पण उर्दू शब्दांची अक्षरे एकमेकांपासून सुटली होती आणि उलट्या क्रमाने लागली होती. 'केकडा' या शब्दाचे काफ, ये, काफ, ड़े आणि अलिफ असे वेगवेगळे उभे होते. त्या दुकानातील संगणकावर उर्दूची सोय नव्हती आणि वाचून पाहणारेही कोणी नव्हते. योग्य सोय असलेल्या संगणकावर असे होत नाही. पण यंत्राने केलेले कामही वाचून पाहणारा माणूस लागतोच. शेवटी नस्तालीक अक्षर चांगले असलेल्या एका मुलीने उर्दू मजकूर हाताने लिहिला आणि तो तक्ता छापील तक्त्यापेक्षा सुंदर दिसला.

आणखी एक आक्षेप मात्र मला पूर्ण मान्य आहे. भिंतीवर तक्ते फार झाले तर नुकसान होते. २०१४ साली अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठातील संशोधकांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी २४ लहान मुलांना काही धडे खूप सजवलेल्या खोलीत आणि काही धडे कोऱ्या भिंतींच्या खोलीत शिकवले. सजवलेल्या खोलीत मुलांचे लक्ष जास्त वेळ इकडे तिकडे गेले. चाचणीत कोऱ्या खोलीतील धड्यांची ५५ टक्के उत्तरे बरोबर आली, तर सजवलेल्या खोलीतील धड्यांची ४२ टक्के. प्रयोगातील मुले तुमच्यापेक्षा बरीच लहान होती, तरी त्यातून घेण्यासारखे आहे. म्हणून आमच्या वर्गात आता एका वेळी तीनच तक्ते असतात. नवा तक्ता लागला की जुना उतरतो.

तक्त्यांच्या स्पर्धांविषयीही दोन शब्द सांगते. अनेकदा स्पर्धेसाठी आलेला तक्ता मोठ्या भावाने काढलेला किंवा पैसे देऊन करून घेतलेला असतो. तो देखणा असतो, बक्षीसही मिळवतो. पण त्यावरचा एखादा शब्द विचारला तर आणणाऱ्याला त्याचा अर्थ सांगता येत नाही. असा तक्ता विकतच्या तक्त्यासारखाच आहे. त्यापेक्षा वाकड्या ओळींचा, पण स्वतः केलेला तक्ता मला जास्त मोलाचा वाटतो.

तुम्हांला तक्ता करायचा असेल तर माझ्या अनुभवातून चार गोष्टी सांगते. एक, एका तक्त्यावर एकच विषय घ्या. दोन, शीर्षक लिहिल्यावर शेवटच्या बाकावर जाऊन बसा. तिथून वाचता आले नाही तर अक्षरे मोठी करा. तीन, त्या विषयातील जाणकाराला तक्ता दाखवल्याशिवाय भिंतीवर लावू नका. जाणकार म्हणजे केवळ शिकलेला माणूस नव्हे. खाडीविषयी मावशींना जे ठाऊक होते ते आमच्या कोणत्याही पुस्तकात नव्हते. चार, खाली कोपऱ्यात तारीख आणि करणाऱ्यांची नावे लिहा. कागद महागच हवा असे नाही. जुन्या दिनदर्शिकेची कोरी बाजूही चालते.

तारखेचे महत्त्व मला मावशींमुळे कळले. दुरुस्त केलेला तक्ता त्यांना दाखवला, तेव्हा त्या बराच वेळ निवटीच्या चित्राकडे पाहत राहिल्या. त्या म्हणाल्या की त्यांच्या लहानपणी ओहोटीला चिखलावर पाय ठेवायला जागा नसे, इतक्या निवट्या असत. आता शोधाव्या लागतात. खाडीत गाळ वाढला, शहराचे सांडपाणी आले, काठ भरले गेले. त्यांच्या नातवंडांनाही आता सगळ्या मासळीची नावे येत नाहीत. त्यांनी आमच्याकडे एक तक्ता मागितला. मुलांनी दुसरा तक्ता तयार करून दिला. तो करताना त्यांनी 'ळ' पहिल्याच वेळी बरोबर लिहिला. खाली तारीख, ओहोटीची वेळ आणि त्या दिवशी किती निवट्या मोजल्या, तो आकडाही लिहिला. आम्ही सतरा मोजल्या होत्या.

मागच्या बाकावर बसणारा तो मुलगा त्या दिवशी मावशींशी मराठीत बोलत होता आणि बाकीची मुले ऐकत होती. 'बाजारवाली मराठी' म्हणून त्याला पुन्हा कोणी हसले नाही.

मुलांनो, तुमच्या शाळेजवळ खाडी नसेल. पण नदी असेल, गिरणी असेल, यंत्रमाग असतील, बाजार असेल, जुनी विहीर असेल. तिथे काम करणारी माणसे असतील आणि त्यांच्या तोंडी पुस्तकात नसलेले शब्द असतील. तिथे जा, विचारा, पाहा आणि वर्गाच्या भिंतीवर एक तक्ता लावा. दहा वर्षांनी कोणी विद्यार्थी तुमचा तक्ता हातात घेऊन त्याच जागी उभा राहील आणि पुन्हा मोजेल. तेव्हा सतरापेक्षा जास्त निवट्या दिसल्या तर किती बरे होईल!

स्वाध्याय

१. पुढील प्रश्नांची एकेका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) लेखिकेने पहिल्या तासाला मुलांना कोणता प्रश्न विचारला?
(आ) तिवराचे पान चवीला कसे लागले?
(इ) नव्या वर्गात एका वेळी किती तक्ते असतात?

२. कारणे लिहा.
(अ) तक्ता पाहून मावशी मोठ्याने हसल्या.
(आ) लेखिकेने चुकलेला कागद फाडू दिला नाही.

३. 'पाटी' या शब्दाचे पाठात आलेले दोन अर्थ सांगा व प्रत्येक अर्थाचे एक वाक्य तयार करा.

४. विकतच्या तक्त्यांविषयी लेखिकेचे मत तुमच्या शब्दांत लिहा. ते तुम्हांला पटते का? कारण द्या.

५. उपक्रम : तुमच्या परिसरातील एखाद्या व्यवसायातील दहा शब्द गोळा करा. त्यांचा मराठी व उर्दू अशा दोन्ही लिप्यांत तक्ता तयार करा. तक्ता त्या व्यवसायातील व्यक्तीकडून तपासून घ्या आणि त्यावर तारीख लिहा.